जांबोटी पट्ट्यातली काजूबाग, पोराबाळांसह

काजूबाग पोरांना दाखवायची तर मार्चअखेरपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही, सकाळी आठच्या आत बागेत पाऊल, आणि दुपारचं जेवण आटोपून परत. याच्या अलीकडं-पलीकडं गेलात तर झाडं दिसतील, सावली मिळेल, काजू मात्र दिसणार नाही. बेळगावच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि बीचा मोसमही तेव्हाच भरात असतो. त्यामुळं वेळ जुळवणं सोपं आहे. बाग निवडणं तेवढं सोपं नाही.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, म्हणजे जांबोटीपासून वर कणकुंबीकडं, आणि बेळगाव तालुक्यातल्या बेळगुंदी, बिजगर्णी, कुद्रेमनीच्या डोंगरउतारांवर काजू आहे. हद्द ओलांडली की चंदगड, तो तर काजूचाच. यातले काही बागायतदार मोसमात पाहुणे घेतात. ढोबळ मानानं तीन प्रकार पडतात. एक, नुसती बाग: मालक स्वतः फिरवतो, जेवण घरचं, बाकी काही नाही. दोन, बाग आणि शेजारीच बी फोडायचं छोटं युनिट. तीन, काजूची चाळीस झाडं राखून मधोमध पोहण्याचा हौद आणि रेन डान्स बांधलेलं रिसॉर्ट. पोरं बरोबर असतील तर दुसरा प्रकार घ्या. पहिला प्रकार मोठ्यांना आवडतो, पोरं तासाभरात कंटाळतात. तिसऱ्यात काजूचा संबंध पार्किंगच्या सावलीपुरता.

फोन करताना चार गोष्टी विचाराव्यात. बी पडाय लागली काय? युनिट त्या दिवशी चालू आहे काय? आठवड्याची सुट्टी कधी? आणि जेवण घरी करता की बाहेरून आणता? युनिटची सुट्टी बऱ्याच ठिकाणी नेमकी रविवारी असते, आणि पाहुणेही नेमके रविवारीच येतात. मग बंद यंत्रांपुढं उभं राहून ‘इथं असं करतात, तिथं तसं करतात’ एवढं ऐकून परतायचं. शनिवार किंवा मधला वार धरा. प्रवेशाचे पैसे किती, यापेक्षा त्यात काय काय धरलंय हे आधी विचारा: जेवण, बी भाजून दाखवणं, रस, ट्रॅक्टरची फेरी. काही ठिकाणी यातलं प्रत्येक वेगळं मोजतात आणि घरातल्या पाच माणसांचा हिशेब भलताच फुगतो.

आता मुद्द्याचं. काजूची बाग पोरांसाठी चांगली की नाही, याची परीक्षा झोपाळ्यावर नाही, चिकावर करायची. बीच्या टरफलात दोन पापुद्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात तपकिरी, दाट तेल भरलेलं असतं, तोच हा चीक. ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल हे त्यातले जाळणारे घटक. आंबा, बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. चीक लागला की लगेच काही वाटत नाही, इथंच लोक फसतात. एक-दोन दिवसांनी कातडी काळी पडते, फोड येतात, मग सालं निघतात. तोवर पोरगं तोच हात डोळ्याला, ओठाला लावून मोकळं झालेलं असतं.

चांगला बागायतदार फाटकाशीच पोरांना उभं करतो आणि सांगतो: बी उचलायची, पण दाताखाली धरायची नाही, दगडानं ठेचायची नाही, खिशात घालायची नाही. मग सगळ्यांच्या हाताला खोबरेल तेल लावतो. तेलाचा थर असला की चीक कातडीत मुरत नाही. ही पाच मिनिटं जिथं खर्च करत नाहीत, तिथं बाकी सगळं कितीही देखणं असो, पोरांना हातात बी देऊ नका. चीक लागलाच तर चोळायचं नाही. कापसानं किंवा फडक्यानं खोबरेल लावून हलकं पुसायचं, मग साबण आणि भरपूर पाणी. डोळ्यात गेला तर साध्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धरायचा आणि सरळ दवाखाना गाठायचा. फुटलेल्या ओल्या टरफलाला हात लावणं धोक्याचं. अख्खी, सुकी, न फुटलेली बी उचलायला फारशी भीती नाही. हा फरक पोरांना नीट सांगितला तर ती ऐकतात.

बी वेचणं हा सगळ्यात चांगला भाग, आणि तो सकाळीच होतो. पिकलेला बोंडू, म्हणजे बीच्या वरचं रसाळ फळ, बीसकट आपोआप गळतो. रात्री पडलेले सकाळी गोळा करतात, कारण उन्हं चढली की बोंडू मऊ पडतो, मुंग्या नि माश्या धरतात. शहाणा बागायतदार झाडावरचं तोडू देत नाही. आकडीनं ओढलेला बोंडू बाहेरून रंगलेला दिसला तरी आतली बी कोवळी असू शकते. तिचा गर सुकल्यावर सुरकुततो आणि दर पडतो. पोरांना ‘तोडायची मजा’ द्यायची म्हणून जिथं आकडी हातात देतात, तिथं मालकाला स्वतःच्या मालाची किंमत नाही असं समजायला हरकत नाही. खालून बोंडू उचलायचा, बी धरून पिरगळायची, अलगद सुटते. बोंडवाचा लगदा बीला चिकटून राहिला तर ती सुकताना काळी पडते आणि बुरशी धरते, म्हणून पिरगळताना देठाकडचा भाग नीट निघाला पाहिजे. बी एका डब्यात, बोंडू दुसऱ्या टोपलीत. पाच-सहा वर्षांची पोरं हे तासभर न कंटाळता करतात.

गोळा झालेली बी बादलीभर पाण्यात टाकून दाखवायला सांगा. भरलेली बी बुडते, पोकळ किंवा कोवळी तरंगते. शाळेतल्या विज्ञानाच्या धड्यापेक्षा हे चटकन डोक्यात बसतं. मग वजन करा. गावठी झाडाची बी साधारण ५-६ ग्रॅमची, म्हणजे किलोला पावणेदोनशेच्या आसपास. वेंगुर्ला-४ या कलमी जातीची पावणेआठ ग्रॅमच्या घरात, वेंगुर्ला-७ ची सुमारे १० ग्रॅम, म्हणजे किलोला शंभरच. बोंडवावरूनही ओळख पटते: वेंगुर्ला-४ चा लाल, वेंगुर्ला-७ चा पिवळा. एकाच बागेत दोन्ही असतील तर पोरांना दोन डबे द्या, रंगावरून वेगळं करू द्या. आणि एक हिशेब घरी जाताना सांगायला बरा: एक किलो बीमधून गर निघतो साधारण पाव किलो, फार तर पावणेतीनशे ग्रॅम.

बोंडू खायचा तर झाडाखालचा ताजा, धुऊन. रसाळ असतो, क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट, पण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळं घसा धरतो. उभ्या फोडी करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवल्या की खवखव बरीच कमी होते. वरून तिखट-मीठ लावलं तर मोठी माणसंही टोपली संपवतात. रस विकत असतील तर कसा केला ते विचारा. नुसता पिळून गाळलेला रस घसा पकडतोच. नीट करणारे लिटरभर रसाला साधारण ५ ग्रॅम साबुदाण्याचं पीठ शिजवून घालतात, रात्रभर तसंच ठेवतात. टॅनिन तळाशी बसतं आणि वरचा निवळ रस ओतून घेतात. सकाळी पिळलेला, बर्फाशिवाय ठेवलेला रस दुपारी तीनला घेऊ नका. बोंडू फार लवकर आंबतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेला की त्याच आंबण्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते, आणि फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. इकडं मात्र बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतो. आणि हो, बोंडवाचा डाग कपड्यावरून जात नाही. पांढरा शर्ट घालून येणाऱ्यांना हे कुणीच आधी सांगत नाही. जुने, गडद रंगाचे कपडे घाला.

बी भाजून दाखवणं हा दिवसातला सगळ्यात बघण्याजोगा आणि सगळ्यात जपून करायचा प्रकार. तीन दगडांची चूल, काटक्यांचा जाळ, वर तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला पत्रा किंवा जुना डबा. त्यात दोन-तीन मुठी सुकी बी टाकतात आणि लांब काठीनं हलवत राहतात. आधी बी चमकायला लागते, मग फुगते, टरफलातून तेल सुटतं, भोकांतून खाली गळतं, आणि एकदम भडका उडतो. पोरं इथं किंचाळतात, ते साहजिक आहे. भडका उडाला की जाणता माणूस मनातल्या मनात थोडं मोजतो, काठीनं डबा जमिनीवर उलटा करतो आणि वर माती किंवा राख टाकतो. आग विझते, उरलेलं तेल मातीत शोषलं जातं. गार झाल्यावर एकेक बी दगडावर आडवी धरून लाकडाच्या तुकड्यानं कडेवर एकच टोला. टरफल दुभंगतं, आत तांबूस सालीतला गर, कोमट, धुराचा वास असलेला. पाकिटातला कुठलाही भाजका काजू याच्या जवळपास पोचत नाही.

यात बिघडतं ते वेळेचं. लवकर उतरवली तर टरफल मऊ राहतं, टोला मारताच तेल बोटांवर येतं. उशीर झाला तर गर कोळसा. ज्या बागेत हे काम घरातला वयस्कर माणूस करतो तिथं निम्म्याहून जास्त बी नेमकी निघते. जिथं हौशी पोरगा मोबाईलकडं बघत करतो तिथं काळी. धुराचंही तसंच. या धुरात चीक असतो, डोळे आणि घसा चुरचुरतो, दम्याच्या माणसाला तर त्रासच. वारं पाठीवर घेऊन, चुलीपासून पाच-सहा पावलं लांब उभं राहायचं. अंगावर धूर येतोय असं दिसलं की जागा बदला, लाजू नका. दमेकरी पोराला या वेळी ट्रॅक्टरच्या फेरीला पाठवा. फोडायचं काम मोठ्यांनी करायचं, पोरांनी सोलायचं. भाजलेल्या टरफलातही तेल उरलेलं असतं, म्हणून हाताचं खोबरेल पुसायचं नाही.

युनिट बघायला जाताना एक गोष्ट डोक्यात असू द्या: सकाळी वेचलेल्या बीचा पांढरा काजू त्याच दिवशी हातात येत नाही. बी आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळते. मग बॉयलरच्या वाफेवर पंधरा-वीस मिनिटं. मग पसरून किमान रात्रभर, चांगले लोक पूर्ण दिवसभर थंड होऊ देतात. मग बी फोडणं, ड्रायरमध्ये सहा-आठ तास सत्तर अंशांच्या आसपास, मग साल काढणं, मग प्रतवारी. आठवडा सहज जातो. त्यामुळं ‘तुमच्या पोरांनी गोळा केलेलेच काजू घरी न्या’ असं सांगून जे पाकीट देतात त्यातला माल आधीचा असतो. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही, पण दहा वर्षांच्या पोराला खरं सांगितलेलं बरं.

फोडायचं यंत्र जवळून बघण्यासारखं आहे. दोन वाकडी पाती समोरासमोर, त्यांच्यामध्ये बी उभी धरायची. हाताच्या आणि पायाच्या दांड्यांनी पाती आधी टरफलात रुततात, मग फाकतात आणि टरफल दोन बाजूंना उघडतं. सराईत मावशीचा हात बीकडं न बघता चालतो. इथं गर तुटण्याची मुख्य कारणं दोन असतात. पात्यांमधलं अंतर बीच्या आकाराला जुळलेलं नसतं, म्हणून आधी लहान-मोठी बी चाळणीनं वेगळी करावी लागते. किंवा वाफवल्यावर बी पुरेशी थंड झालेली नसते. मग गर टरफलाला धरून बसतो आणि सुरीच्या टोकानं उकरावा लागतो. शेजारच्या टोपलीत तुकडे जास्त दिसले तर या दोनपैकी काहीतरी चुकलंय. पोरांना या यंत्रावर बसवून फोटो काढू देणारी ठिकाणं आहेत. बसवू नका. पाती आणि चीक दोन्ही तिथंच आहेत. बायका हाताला तेल, राख किंवा मोजे लावून काम करतात ते उगाच नाही.

त्यापेक्षा साल काढायच्या टेबलाशी बसवा. ड्रायरमधून आलेल्या गराची तांबूस साल कोरडी होऊन सुटलेली असते. अंगठा आणि बोटात धरून हलकं फिरवलं की निघते. कोपऱ्यात चिकटलेली असेल तर बोथट सुरी लागते, ती मावशींकडं द्यायची. दमट दिवशी साल चिवट होते आणि पोरं वैतागतात. कोरड्या दुपारी हेच काम खेळ होतं. गर फार कोरडा झाला असेल तर मोडतो, म्हणून काही जण सोलायच्या आधी त्याला थोडा वेळ हवेला ठेवतात. बसणाऱ्याचे हात धुतलेले, केस बांधलेले हवेत, कारण हा माल पुढं विकायचा आहे. जे मालक याबद्दल टोकतात त्यांच्याकडूनच काजू घ्या. थोड्या मोठ्या पोरांनी टरफलाचं पुढं काय होतं ते विचारावं. काही बॉयलरखाली जळतं, बाकीचं तेल काढायला जातं, आणि ते तेल रंगात, गाडीच्या ब्रेकच्या पट्ट्यांत जातं.

बाकीच्या करमणुकीबद्दल थोडक्यात. ट्रॅक्टरची फेरी ठीक, ट्रॉलीला कडेचे फळके असतील तर. झोपाळा काजूच्या फांदीला बांधलेला असेल तर पोराला बसवू नका. हे लाकूड ठिसूळ, आडवी फांदी बघायला दणकट वाटते आणि बुंध्याशी कडाडकन मोडते. फणसाला किंवा आंब्याला बांधलेला झोपाळा चालेल. झाडावर चढायचंही याच कारणानं नको, जरी काजूचं झाड चढायला बोलावत असल्यासारखं खाली पसरलेलं असलं तरी. मधमाश्यांच्या पेट्या असतील तर त्या लांबून. सेल्फी पॉइंट सगळीकडं एकसारखेच.

जेवणात मोसमाची एकच खरी गोष्ट: ओल्या काजूगरांची उसळ. कोवळी हिरवी बी उभी कापून गर काढायचा, गरम पाण्यात टाकून साल सोडवायची, मग ओलं खोबरं आणि गरम मसाल्याचं वाटण. गर काढणं जिकिरीचं काम, चीकही भरपूर, म्हणून ही भाजी महाग असते आणि असायलाच हवी. मार्चमध्ये मिळते, एप्रिलअखेर ओली बी संपत येते. मेमध्ये ‘ओल्या काजूची उसळ’ म्हणून वाढतात ती बहुधा सुके काजू भिजवून केलेली. फरक दाताला कळतो: ओला गर कुरकुरीत आणि गोडसर, भिजवलेला पिठूळ. बरोबर तांदळाची भाकरी, सोलकढी, कच्च्या फणसाची भाजी असली की पुरे. पनीर बटर मसाला मिळतो तिथं आचारी बाहेरचा आहे.

विकत घ्यायचं तर प्रत ओळखा. पाकिटावरचा डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. दुकानात वजनकाटा असतोच. १०० ग्रॅम मोजून घ्या आणि पोरांना मोजायला बसवा: डब्ल्यू १८० असेल तर ३७ ते ४० भरतात, डब्ल्यू २१० चे ४४ ते ४६, डब्ल्यू २४० चे ४८ ते ५३, डब्ल्यू ३२० चे ६६ ते ७० आणि डब्ल्यू ४५० चे ८८ ते ९९. २४० च्या दरात ३२० खपवणं हा या धंद्यातला सगळ्यात जुना प्रकार, आणि तो शंभर ग्रॅमच्या मोजणीत लगेच उघडा पडतो. भाजीला, खिरीला अख्ख्याचे पैसे घालवू नका; पाकळी किंवा तुकडा तोच माल, दर बराच कमी. लहान पोरांना तर तुकडाच द्या, चार-पाच वर्षांखालच्यांच्या घशात अख्खा काजू अडकू शकतो. ज्याला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्याला मात्र या बागेत आणूच नये. नुसती साल उडाली तरी काहींना त्रास होतो.

दुसरी तपासणी दराची. किलोभर गराला साधारण साडेतीन ते चार किलो बी लागते. त्या आठवड्यात बीचा दर काय चाललाय हे चहाच्या टपरीवर कुणीही सांगतं. त्याला चारनं गुणा, त्यावर फोडणावळ, वीज, सोलणावळ चढवा. गर त्याहून स्वस्त मिळत असेल तर तो या बागेतला नसण्याची शक्यता मोठी. देशात फोडली जाणारी बरीच बी आफ्रिकेतून येते, आपल्या भागातल्या युनिटांनाही मोसमाबाहेर तीच आधार असते. ती वाईट असते असं नाही, पण ‘आमच्या झाडाची’ म्हणून तिचे जादा पैसे का द्यावेत? सरळ विचारा, बी कुठली. खरा बागायतदार चिडत नाही, उलट गोदामातली पोती दाखवतो. गर दाताखाली चटकन तुटायला हवा. वाकला किंवा चिवट लागला तर ओल जास्त आहे, आणि खवट वास आला तर माल गेल्या मोसमातला. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवा. पावसाळ्यात उघडं राहिलं की आठवड्यात मऊ पडतं. आख्खी न फोडलेली बी ‘घरी भाजू’ म्हणून नेऊ नका; फ्लॅटच्या गॅसवर हा प्रकार केलात तर धूर सगळ्या इमारतीत जाईल.

बागेत कलमं विकायला असतील आणि जागा असेल तर पावसाच्या तोंडाला परत या, एप्रिलमध्ये घेतलेलं कलम उन्हात टिकवणं त्रासाचं. जोड पक्का भरलेला, त्यावरची प्लास्टिकची पट्टी काढता येण्याजोगी आणि जोडाखाली फुटवे नसलेलं कलम घ्या. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, दोन झाडांत सात-आठ मीटर, आणि जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटलेला प्रत्येक फुटवा काढत राहायचं, नाहीतर दोन वर्षांनी वेंगुर्ला-७ च्या जागी गावठी झाड उभं दिसतं. पहिली दोन वर्षं मोहोर खुडायचा, तिसऱ्या वर्षी धरायचा.

धोक्याच्या गोष्टी दोन. पहिली गोचीड. माकडताप तिच्या चाव्यातून होतो, आणि त्याचा मोसम, डिसेंबर ते मे, काजूच्या मोहोर-बीच्या दिवसांशीच जुळतो. घाटापलीकडं गोव्यातल्या सत्तरीत २०१५ मध्ये आणि दोडामार्ग भागात २०१६ मध्ये याचे रुग्ण सापडले, आणि त्यात काजूबागेत काम करणारे होते. पूर्ण पायाची पँट मोज्यात खोचलेली, अंगाला किडे पळवणारं मलम, पाचोळ्यावर चटई टाकून बसणं बंद, घरी येऊन गरम पाण्यानं अंघोळ आणि काखेत, कानामागं, गुडघ्यामागं एकदा नजर. परिसरात माकड मेलेलं आढळल्याचं ऐकलं तर बेत रद्द. पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना बागेत गेल्याचं सांगा. दुसरी गोष्ट जनावरांची. भीमगड अभयारण्य शेजारी आहे, आणि पिकलेला बोंडू अस्वलाला माणसाइतकाच आवडतो. गवेही फिरतात. पहाटे एकट्यानं बागेच्या टोकाला जायचं नाही आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत बाहेर. रात्री राहायची सोय असलेल्या बागेत तंबूपेक्षा पक्की खोली घ्या.

डिसेंबर-जानेवारीत मोहोर बघायला बोलावणारे आहेत. मोहोराचा वास खरंच छान, पण त्याच दिवसांत ढेकण्या या किडीसाठी औषधफवारणी चालते. शेवटची फवारणी कधी झाली हे विचारून मगच पोरांना न्या, आणि त्या दिवशी बागेतलं काही तोंडात घालू देऊ नका. पावसाळ्यात जाण्यात काजूच्या दृष्टीनं अर्थ नाही. जळवा आणि चिखल, युनिटही बऱ्याचदा थंड.

रस्ता बेळगावहून पिरनवाडी, किणये करत जांबोटी, साधारण ३० किलोमीटर. गोव्याची वाहनं याच रस्त्यानं जातात, त्यामुळं वेळ धरताना अंतरावर जाऊ नका, दीड तास ठेवा. खानापूरहून येणाऱ्यांना जांबोटी फाटा जवळ पडतो. पेट्रोल बेळगावात किंवा खानापुरातच भरा. जांबोटीच्या पुढं मोबाईलची रेंज कुठं असते, कुठं नसते, म्हणून बागेचा पत्ता आधी कागदावर लिहून घ्या आणि पैसे रोख बाळगा. स्कॅनर असतो, नेटवर्क नसतं. फाट्यावरच्या पाट्या बहुतेक कन्नडमध्ये, पण विचारायला मराठीच चालते: ‘मामा, काजूची बाग कुठल्या अंगाला?’ म्हटलं की कुणीतरी फाट्यापर्यंत सोडायला येतं. शौचालय आधी बघा, विशेषतः लहान पोरं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर. चांगली बाग असूनही इथंच बऱ्याच ठिकाणी कमी पडतात. पिण्याचं पाणी घरून न्या.

दुपारी वेळ उरलाच आणि पोरं झोपली नसतील तर कणकुंबीपर्यंत वर जा. माउलीच्या देवळाशी मलप्रभेचा उगम आहे, सावली आहे, आणि बोंडवाचे चिकट हात-पाय धुवायला पाणीही. फक्त ते कुंडात नको, बाहेरच्या नळावर.